काडीने घेतलेलं माप

माझ्या मुलीच्या पायाचं माप मी खराट्याच्या काडीने घेतलं. ती खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. मी टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरली, अंगठा संपला तिथे मोडली आणि खिशात घालून मेहकरला गेलो. आमच्याकडे पुष्कळ लोक असंच करतात. रेवतीला एसटीत उलटी होते. एका बुटाच्या जोडासाठी पोरीला कशाला न्यायचं, असं मला वाटलं. दुकानदाराने काडी बुटात घालून पाहिली आणि म्हणाला, "घ्या, एकदम फिट्ट."

काडी फिट्ट बसली, पाय बसला नाही. पण हे कळायला मला जूनपासून सप्टेंबरपर्यंत वेळ लागला. मधल्या दिवसांत जे जे केलं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी भागवत. जानेफळला माझी पिठाची गिरणी आहे. माझी बायको पुष्पांजली मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. तीन दिवसांचा ताप. बुलढाण्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. रेवती तेव्हा सहा वर्षांची होती.

बूट, गणवेश, वेण्या, नखं हे सगळं पुष्पांजली पाहायची. बूट घ्यायचे असले की ती रेवतीला वर्तमानपत्रावर उभी करायची, पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारायची, कागद कापायची आणि दुकानात सांगायची, याच्यापुढे बोटभर जागा ठेवा. हे मी दर वर्षी पाहिलं होतं. पण ते काम तिचं होतं, म्हणून मी ते शिकलो नाही.

तेरवीच्या दिवशी माझ्या सासूने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सासूचं नाव गीताबाई, गाव साखरखेर्डा. मी त्यांना मामी म्हणतो. म्हणाल्या, "भागवतराव, बाईमाणसाशिवाय पोरगी वाढत नाई. मी एक वर्ष पायतो. आबाळ दिसली का घेऊन जाईन." मी हो म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. रेवती त्यांच्याच मांडीवर बसली होती.

वर्षभर मला एकच काळजी होती, मामींना बोट ठेवायला जागा मिळू नये. मी वेण्या घालायला शिकलो. डबा शिकलो. गिरणीच्या वेळा बदलल्या. पोरगी माझ्याकडेच राहिली पाहिजे. ती गेली तर त्या घरात मी कुणासाठी दिवा लावू?

जुलै संपता संपता पायाचं निघालं. रेवती शाळेतून आली की बूट काढून गिरणीत अनवाणी फिरते. जमिनीवर पिठाचा थर असतो, त्यात पावलं उमटतात. रुखमाबाई ज्वारी दळायला आली होती. तिने खाली पाहिलं.

"ओ भागवतभाऊ, हे पाऊल कोणाचं वो?"

"रेवतीचं. काऊन?"

"अख्खंच्या अख्खं उमटलं ना. मधात जागाच नाई." तिने आपली चप्पल काढली आणि रेवतीच्या पावलाशेजारी पाय दाबला. "हे पाहा. मधात असं खाली सुटलं पाह्यजे."

रांगेतल्या दोघीतिघी वाकून पाहू लागल्या. एक म्हणाली, "अशा पायाची पोरगी असली का घरातलं माणूस टिकत नाई म्हणतात."

"गप वो, पोरगी आयकून राह्यली," रुखमाबाई म्हणाली.

"मी कुठं म्हणून राह्यली? लोक म्हणतात."

मी पट्टा चढवला आणि मोटर सुरू केली. गिरणी चालू असली की कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, हा त्या धंद्याचा एक फायदा आहे. पण रेवती आपल्याच पावलांकडे पाहत उभी होती. मग तिने पायानेच ती पुसून टाकली.

त्या दिवसापासून जो दळायला येई तो पायावर बोले. कुणी म्हणे वाळूत चालवा. कुणी म्हणे बोटांनी गोटे उचलायला लावा. कुणी म्हणे तिळाच्या तेलाने तळवा चोळा, रोज, उपाशीपोटी. उपाशी कुणी राहायचं, मी की पोरीने, हेही कुणाला धड सांगता येईना. मी रोज सकाळी तेल लावू लागलो. रेवतीला गुदगुल्या व्हायच्या, पण ती हसायची नाही, दात धरून बसायची.

ऑगस्टमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली. शैलजा मॅडम रेवतीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी मला बोलावून कार्ड दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, दोन्ही तळवे सपाट.

"या वयात बऱ्याच मुलांचे असतात म्हणे," मॅडम म्हणाल्या, "पण भागवतराव, रेवती लंगडते. आधी लंगडी खेळायची, आता भिंतीशी बसून राहते. बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात गुरुवारी हाडांचे डॉक्टर असतात. एकदा दाखवून आणा."

"बरं," मी म्हणालो.

नेलं नाही. श्रावण होता, सणाचं दळण होतं, आणि गुरुवार म्हणजे पूर्ण दिवस जातो. शिवाय त्या दवाखान्याच्या फाटकातून मी एकदा बायकोला घेऊन आत गेलो होतो आणि बाहेर कसा आलो ते मला माहीत आहे. पुन्हा तिथे पाय ठेवायची माझी छाती नव्हती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दळणाचं कारण सांगितलं.

त्याऐवजी मेहकरला एका दुकानात गेलो. सपाट पायावर इलाज मिळतो असा तिथे फलक होता. आतल्या माणसाने भिंतीवरचं हाडांचं चित्र दाखवलं, कार्ड वाचलं आणि कडक रबराच्या दोन गाद्या काढल्या. मधे उंचवटा होता.

"बुटात टाका. याच्यानं कमान तयार होते."

"दुखीन का?"

"सुरुवातीले दुखतेच. दुखलं म्हणजे काम करून राह्यलं असं समजा."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. त्या गाद्यांपेक्षा या वाक्याने जास्त नुकसान केलं. आधीच आखूड बूट, त्यात ही गादी. रेवती सकाळी बूट घालायला बसली की पाच मिनिटं लावायची. मी म्हणायचो, "आटप, घंटा होईन." ती उठायची, पहिली चार पावलं भिंत धरून टाकायची, मग हात सोडायची.

"दुखते का गं?"

"नाई."

"दुखलं तर चालते. कमान होऊन राह्यली."

"हाव."

मला बरं वाटायचं. दुखत असेल तर इलाज चालू आहे, नसेल तर पोरगी बरी आहे. दोन्हीकडून मीच शहाणा.

वर्षश्राद्धाला मामी दोन दिवस आधी आल्या. आल्या आल्या धुणं काढलं. मी गिरणीत होतो. सिंधूताईंच्या मुलीला धाडून त्यांनी मला बोलावलं. शेजारच्या सिंधूताई आमच्याच ओट्यावर बसल्या होत्या, म्हणजे गोष्ट गल्लीत पोचली होती.

मामींच्या हातात रेवतीचा पांढरा मोजा होता. पुढच्या टोकाला रक्ताचा डाग होता, सुकून काळा झालेला.

"हे काय आहे?"

मी रेवतीला जवळ घेऊन पाय पाहिला. अंगठ्याचं नख काळं पडून एका बाजूने मांसात शिरलं होतं. बाजूला पू होता. शेजारची दोन बोटं खाली वाकलेली.

"तिचे तळवे सपाट आहेत मामी," मी म्हणालो. "कार्ड आलं शाळेतून. इलाज चालू आहे."

"सपाट पायाचं नखातून रगत येते? कोण्या शाळेत शिकले तुम्ही?"

"जन्माचे पाय आहेत तिचे तसे."

"म्हणजे माह्या लेकीनं दिले? गेलेल्या माणसावर टाकता?"

"तसं नाई म्हटलं मी."

"काय म्हटलं मंग?" त्यांनी मोजा माझ्या अंगावर फेकला. "एक वर्ष म्हटलं होतं. पुरं झालं वर्ष. चाल रेवू, कपडे भर."

रेवती हलली नाही. "मले दुखत नाई आजी," ती म्हणाली. "पाह्य ना, मी चालून दाखवतो." आणि ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालली. तोंड घट्ट मिटलेलं. सिंधूताईंनी मान फिरवली.

मी म्हणालो, "गुरुवारी डॉक्टरले दाखवू. मंग जे म्हणाल ते."

"गुरुवारी दवाखाना, आन् तिथूनच साखरखेर्डा," मामी म्हणाल्या. श्राद्ध झालं, पान वाढलं, कावळाही शिवला. बुधवारी संध्याकाळी त्यांनी रेवतीचे फ्रॉक, गणवेश आणि वह्या आपल्या पिशवीत भरल्या. मी अडवलं नाही. वर्षाच्या अटीला हो मीच म्हटलं होतं.

गुरुवारी फाटकातून आत जाताना मी रेवतीचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "बाबा, हात." मी सैल केला. रांग मोठी होती. आमचा नंबर साडेअकराला लागला.

डॉक्टर तिशीतला होता. कार्ड त्याने वाचून बाजूला ठेवलं. रेवतीला टेबलावर बसवलं, तळव्याखालून बोट फिरवलं. मग खाली उभी केली.

"आता टाचा उचल. चवड्यावर उभी राहा."

अंगठा दुखत होता म्हणून तिने मधल्या बोटांवर भार घेतला. डॉक्टरने मला खाली बसून पाहायला सांगितलं. तिच्या तळव्याला मधे चांगली कमान आली होती.

"दिसली? बसली की आहे, चवड्यावर आहे. नुसती उभी राहिली की भाराने खाली बसते. लहान मुलांत हे नेहमीचं आहे. बहुतेकांचं वय वाढलं की सुटतं, काहींचं राहतं. पाय मऊ आहे, कडक नाही. याला इलाज लागत नाही."

"आन् राह्यलं तं?" मामींनी विचारलं.

"आजी, तुमचा पाय दाखवा बरं."

मामींनी लाजत चप्पल काढली. फरशीवर त्यांचं पाऊल भाकरीसारखं सपाट होतं. डॉक्टर हसला.

"किती चालता?"

"पन्नास वर्सं शेतात निंदन केलं या पायानं," मामी म्हणाल्या. "मले कोणी सांगतलं नाई का हा खराब आहे म्हणून."

"खराब नाहीच."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. तेल, वाळू, गोटे, गाद्या, गिरणीतली बोलणी, सगळं अशा गोष्टीसाठी, जिच्यामुळे कुठे काही अडतच नव्हतं.

"मग लंगडते कशानं?" मी विचारलं.

डॉक्टरने बूट मागितला. केसपेपरची कोरी बाजू जमिनीवर ठेवली, रेवतीला त्यावर उभी केली आणि पेनाने पायाभोवती रेघ मारली. पुष्पांजली मारायची तशीच. मग त्या रेघेवर बूट ठेवला. बुटाच्या पुढे रेघ दिसत होती, आणि दोन्ही बाजूंनाही. त्याने बुटात हात घालून गादी ओढून काढली.

"आणि वरून हे. माप कसं घेतलं होतं?"

"काडीनं," मी म्हणालो.

"उभी करून?"

"बसून होती."

"असा पाय उभं राहिल्यावर पसरतो. लांबीलाही वाढतो. आणि जूनपासून मूल थोडं वाढलं असेलच." तो रेवतीकडे वळला. "बेटा, बूट चावतो ना?"

"नाई."

"बोटं दुमडून घालतेस का?"

"नाई. बूट चांगला आहे. बाबानं बरोबर माप घेतलं."

आम्ही तिघं मोठी माणसं उभी होतो, समोर तिचा सुजलेला अंगठा होता, कागदावर रेघ होती. आणि ती मान हलवून सांगत होती की बूट चांगला आहे.

"खोटं काऊन बोलून राह्यली माय?" मामी म्हणाल्या. "खरं सांग ना डॉक्टरले."

"खरं सांगतलं का तू मले घेऊन जाशीन," रेवती म्हणाली.

डॉक्टरने मलम लिहिलं, अंगठा बाजूच्या खोलीत नर्सकडून साफ करून घ्यायला सांगितलं, जखम भरेपर्यंत उघडी चप्पल घाला म्हणाला, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नखाखाली औषध लावताना रेवती ओरडली नाही. नर्स म्हणाली, "शहाणी आहे." तेही मला सहन झालं नाही. सात वर्षांच्या पोरीने ओरडायला पाहिजे होतं.

बाहेर औषधाच्या खिडकीजवळ बाक होतं. तिथे आमचं भांडण झालं. रेवती मधे बसली होती, अंगठ्याला पट्टी. या वेळी तिला लांब पाठवायचं मी मुद्दाम टाळलं. तिच्या कानाआड काही राहत नाही, हे वर्षभरात कळलं नव्हतं, आता कळलं.

"चूक माही आहे," मी म्हणालो. "काडी म्या मोडली. गादी म्या टाकली. मॅडमनं महिन्याआधी सांगतलं होतं, म्या आणली नाई. मले या फाटकात यायचं नव्हतं."

"रोज तेल चोळत होते म्हणे ना? पाय हातात घेऊन बसत होते, आन् अंगठा नाई दिसला?"

"तळवा पाह्यला मामी. सगळे तळव्याचं बोलत होते. बोटं नाई पाह्यली."

"मंग मी काऊन ठेवू पोरगी तुमच्यापाशी?"

"न्यायची तर आत्ता न्या. पिशवी भरलेलीच आहे. पण एक वर्ष पायतो, दिवाळीपर्यंत पायतो, असं टांगून ठेवू नका. तिनं तीन महिने जखम लपवली. उद्या पोटात दुखलं तरी सांगणार नाई. तुमच्याकडे नेली तरी नाई सांगणार, कारण तिथून तिले परत इकडं यायचं असणार. आपण दोघं तिचा निकाल लावून राह्यलो, आन् ती एकटी पुरावा लपवून राह्यली."

हे मी मोठ्याने बोललो. रांगेतले लोक वळून पाहू लागले. मामी उठल्या. मला वाटलं, पिशवी उचलून रेवतीचा हात धरणार. त्या खिडकीपर्यंत गेल्या, तिथे उभ्या राहिल्या, परत आल्या. डोळे ओले होते, पुसले नव्हते.

"माह्या घरी कोणी नाई वो भागवतराव," त्या म्हणाल्या. "ही चालते ना, तिची आई चालायची तशी चालते. मले वाटे, अंगणात चालताना दिसीन."

वर्षभर मी त्यांना तपासणीला येणारा साहेब समजत होतो. त्यांची लेक गेली आहे हे मला माहीत होतं, पण तेवढंच. तळवा पाहिला आणि बोटं पाहिली नाहीत, तसंच.

मामी रेवतीपुढे खाली बसल्या. "रेवू, आयक. मी तुले नेत नाई. पाय दुखो, पोट दुखो, तुह्या बापानं भाजी जाळो, नेत नाई. सुट्टीत आली तर ये."

"पक्कं?"

"पक्कं."

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता. एवढ्याशा बोलण्याने बसेल असं मलाही वाटलं नाही.

तिथून आम्ही चपलेच्या दुकानात गेलो. मामी बाकावर बसल्या आणि पिशवीतले रेवतीचे फ्रॉक काढून एकेक घडी करून माझ्या पिशवीत ठेवू लागल्या. दुकानदाराने पहिला जोड काढला. मी रेवतीला उभी केली.

"चावते का?"

"नाई."

मी अंगठ्यापुढे बोट घालून पाहिलं. जागा नव्हती. दुसरा जोड.

"चावते?"

"नाई."

टाच मागून बाहेर आली होती. मी तोही काढून ठेवला. तिसऱ्या जोडाला तिने मामींकडे पाहिलं. मामी गणवेशाची घडी करत होत्या. शेवटच्या दोन वह्याही त्यांनी माझ्या पिशवीत टाकल्या आणि आपली रिकामी पिशवी गुंडाळून बगलेत धरली.

"थोडी चावते," रेवती म्हणाली. अगदी हळू.

"कुठं?" दुकानदार वाकला.

"इथं. बाजूनं."

चौथ्याचा पट्टा टोचत होता. पाचव्याचा तळ गरम लागत होता. सहाव्यात पाय घसरतो म्हणाली. ही सहावी चप्पल तर मला चांगली वाटली, मी दाबून पाहिली, बोटभर जागा होती, बाजूनेही मोकळी. "नाई घसरत," मी म्हणालो. "घसरते," ती म्हणाली. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मेहकरची गाडी तीन वाजता होती आणि घड्याळात पावणेतीन झाले होते. गिरणी सकाळपासून बंद, लोक दाराशी डबे ठेवून गेलेले असणार.

"रेवती, पटकन सांग. हिच्यात काय वाईट आहे?"

"चावत नाई."

"घसरत नाई?"

"नाई."

"मंग?"

"रंग चांगला नाई."

"रंग पायाले टोचते का?" मी चिडलो. खरोखर चिडलो. "दिवसभर इथंच बसू का तुह्या रंगापायी? गाडी चालली तिकडं."

"मले नाई पाह्यजे हा रंग," ती म्हणाली आणि खाली बसून पट्टा सोडायला लागली.

गाडी गेली. दुकानदाराने उसासा टाकला आणि वरच्या फळीवरून सातवा जोड काढायला स्टूल ओढलं.